जे. जे. स्कूल ऑफ आर्ट आणि आपला चित्रकलेचा तास

विदर्भ एक्स्प्रेस गोंदियाहून दुपारी सुटते आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मुंबईला छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसवर पोहोचते. गाडीचा शेवटचा मुक्काम तोच. आपल्या गोंदिया जिल्ह्यातली जी मुले बगलेत ड्रॉइंग बोर्ड धरून त्या फलाटावर उतरतात, त्यांना जे. जे. ला जायला टॅक्सी करावी लागत नाही. दादाभाई नौरोजी रस्त्याने क्रॉफर्ड मार्केटच्या दिशेने थोडे चालले की डाव्या हाताला झाडांनी भरलेले आवार लागते. तेच सर जमशेटजी जीजीभॉय कला महाविद्यालय. आपण सगळे त्याला जे. जे. म्हणतो.

खरे तर जे. जे. त्याआधीच सुरू झालेले असते. स्टेशनच्या दगडी भिंतींवर जी पाने, फुले, पक्षी आणि प्राणी कोरले आहेत, ते नक्षीकाम ही इमारत बांधली जात असताना, १८७८ ते १८८८ या दहा वर्षांत, जे. जे. च्या विद्यार्थ्यांनी आपल्या शिक्षकांच्या देखरेखीखाली केले. गावाकडून येणारा विद्यार्थी डबा, बॅग आणि बोर्ड सांभाळत त्या कमानींखालून जातो आणि वर बघायला त्याला फुरसत नसते. या स्मरणिकेच्या निमित्ताने मी त्याला एवढेच सांगेन : बाबा, तिथे दोन मिनिटे थांब आणि वर बघ.

जिल्ह्यातल्या चित्रकला शिक्षकांच्या स्मरणिकेत मुंबईच्या संस्थेचा इतिहास कशासाठी, असे काहींना वाटेल. पण आपल्यातले जे जुने आहेत त्यांच्या पेटीत चित्रकला शिक्षकाचे, डी. टी. सी. चे नाहीतर डी. एम. चे, प्रमाणपत्र आहे. नंतरच्यांकडे ए. टी. डी. चे आहे. आपल्या मुलांना आपण एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या ग्रेड परीक्षांना बसवतो. या सगळ्याची मुळे त्या आवारात आहेत. घराण्याचा इतिहास लिहायचा तर मूळ पुरुषाचे नाव घ्यावेच लागते.

संस्थेची सुरुवात एका देणगीतून झाली. सर जमशेटजी जीजीभॉय हे मुंबईचे पारशी व्यापारी, स्वतःच्या हिमतीवर वर आलेले. चीनशी चालणाऱ्या कापूस आणि अफूच्या व्यापारात त्यांनी अफाट पैसा मिळवला आणि तसाच मोठ्या हाताने दिलाही. मुंबईचे जे. जे. रुग्णालय त्यांच्याच नावाने आहे. १८५१ मध्ये लंडनला जे प्रचंड औद्योगिक प्रदर्शन भरले, त्यात हिंदुस्थानी कारागिरांच्या कामाने युरोप थक्क झाला होता. त्यानंतर दोनच वर्षांत जमशेटजींनी कला आणि हस्तोद्योग शिकवणाऱ्या शाळेसाठी एक लाख रुपये देऊ केले. २ मार्च १८५७ रोजी एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये चित्रकलेचा वर्ग सुरू झाला. मुंबई विद्यापीठाची स्थापना त्याच वर्षी १८ जुलैला झाली. म्हणजे ही चित्रशाळा विद्यापीठापेक्षा साडेचार महिन्यांनी मोठी. तरी या थोरल्या भावंडाला विद्यापीठाच्या पंगतीत पान मिळायला १२४ वर्षे लागली. त्याबद्दल पुढे लिहितो.

पहिली काही वर्षे बेताचीच गेली. १८६५ मध्ये इंग्लंडहून जॉन लॉकवुड किपलिंग आले आणि शाळेत जीव आला. ते शिल्पकार. दगडातले नक्षीकाम हा त्यांचा विषय. त्याच वर्षी ३० डिसेंबरला शाळेच्या आवारातच त्यांना मुलगा झाला, तो पुढे प्रसिद्ध झालेला लेखक रडयार्ड किपलिंग. आवारात पाहुणे येतात ते बहुधा हे जन्मस्थान बघायलाच. मला मात्र थोरल्या किपलिंगांचे मोल जास्त वाटते. मुलांना वर्गातून उठवून त्यांनी शहराच्या कामावर नेले. समोरचे क्रॉफर्ड मार्केट १८६९ मध्ये बांधून झाले. त्याच्या दरवाजावरची उठावशिल्पे त्यांच्या हातची आहेत. त्या शिल्पांत देव नाहीत आणि राजेही नाहीत, शेतात राबणारी आणि बाजारात माल आणणारी माणसे आहेत. १८७५ मध्ये ते लाहोरच्या नव्या कलाशाळेत गेले. आज ज्या इमारतीत वर्ग भरतात, त्या इमारतीत शाळा १८७८ मध्ये आली.

किपलिंगांबरोबर आलेले दुसरे शिक्षक जॉन ग्रिफिथ्स. त्यांच्या एका कामाबद्दल सविस्तर लिहिल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. ते काम म्हणजे अजिंठा.

अजिंठ्याच्या चित्रांच्या पहिल्या मोठ्या प्रतिकृती मेजर रॉबर्ट गिल यांनी केल्या होत्या. वर्षानुवर्षांच्या मेहनतीच्या त्या प्रतिकृती लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये ठेवल्या होत्या आणि १८६६ च्या आगीत त्यांतल्या बहुतेक जळाल्या. मग १८७२ पासून ग्रिफिथ्स जे. जे. च्या विद्यार्थ्यांना घेऊन लेण्यांत जाऊ लागले. हे काम १८८५ पर्यंत चालले. तेव्हाचा अजिंठा डोळ्यांसमोर आणा. रस्ता धड नाही, लेण्यांत वटवाघळांचा वास, भिंती काजळलेल्या. अशा जागी मुंबईची वीस-बावीस वर्षांची मुले कॅनव्हास लावून बसत आणि दीड हजार वर्षांपूर्वीच्या चित्रकाराची एकेक रेषा आपल्या हाताने पुन्हा काढत. पेस्तनजी बोमनजी त्यांतलेच एक. ते पुढे व्यक्तिचित्रणात नावाजले. शाळेत या मुलांना ग्रीक पुतळ्यांच्या प्लास्टरच्या प्रती समोर ठेवून रेखाटन शिकवले जाई. लेण्यात त्यांना समजले असेल की डोळा, बोट आणि मान काढण्याची आपलीही एक रीत आहे, आणि ती कुठल्याही पुतळ्यापुढे कमी पडणारी नाही.

यांतल्याही कितीतरी प्रतिकृती १८८५ मध्ये लंडनला आगीत गेल्या. एकाच कामावर दोनदा आग यावी! ज्या वाचल्या त्या आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहेत. ग्रिफिथ्स यांनी १८९६-९७ मध्ये दोन मोठ्या खंडांत अजिंठ्यावरचा ग्रंथ काढला. अजिंठ्याच्या भिंतींवरचे रंग पुढे आणखी झडले. त्यामुळे काही जागी मूळ चित्र कसे होते हे समजायला त्या मुलांचे कामच आधाराला आहे.

आता आपल्या विषयाकडे येतो. १८९३ मध्ये जे. जे. त चित्रकला शिक्षकांच्या प्रशिक्षणाचे वर्ग सुरू झाले. संस्थेच्या इतिहासात या घटनेला सहसा एकच ओळ मिळते. ते मला बरोबर वाटत नाही. मोठे चित्रकार एका पिढीत पाच-दहा होतात, आणि त्यांची चित्रे आपल्यातल्या किती जणांनी समोर उभे राहून पाहिली असतील? ड्रॉइंग मास्तर मात्र तालुक्यातालुक्यात पोहोचला. काळी टोपी, हातात लाकडी कंपास, खिशात खडूचे तुकडे. फळ्यावर एका फटक्यात वर्तुळ काढणारा हा माणूस मुलांना जादूगार वाटे. जे. जे. ला त्याचे नाव ठाऊक नसेल, पण गावाला जे. जे. त्याच्यामुळेच ठाऊक झाले.

त्याच्याबरोबर ग्रेड परीक्षा आली. जे. जे. चे प्रमुख आणि सरकारचे चित्रकला निरीक्षक यांच्या हाताखाली वाढलेली ही परीक्षा १९६५ मध्ये राज्याचे कला संचालनालय झाल्यावर तिकडे गेली. आजही दरवर्षी एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटला राज्यभरातली मुले बसतात. वस्तुचित्र, संकल्पचित्र, स्मरणचित्र, कर्तव्यभूमिती आणि अक्षरलेखन हे शब्द घरच्यांना कळोत न कळोत, आठवीतल्या मुलाला पाठ असतात.

एक पेपर डोळ्यांसमोर आहे. जिल्ह्याच्या दक्षिण भागातली एक शाळा, परीक्षेचे केंद्र. स्टुलावर निळा कपडा, त्यावर पितळेचा गडवा, शेजारी दोन वांगी आणि एक कांदा. भोवती मुले पॅड मांडीवर घेऊन बसलेली. सगळ्यांकडे तोच पाव इम्पिरिअलचा कागद. खिडकीतून उजेड येत होता आणि ढग आला की गडव्याची चकाकी विझत होती. बहुतेक मुलांनी गडवा पिवळ्या रंगाने भरून टाकला. एका मुलीने मात्र त्याच्या पोटावर निळा रंग लावला. मी मागे उभा. पर्यवेक्षकाने बोलायचे नसते म्हणून गप्प राहिलो, पण मनातून आनंदलो. पितळेत कपड्याचा निळा उतरला होता तो तिने पाहिला होता. गडवा कसा असतो हे माहीत असणे वेगळे आणि या घडीला तो कसा दिसतो ते पाहणे वेगळे. ग्रिफिथ्सपासून आजपर्यंत जे. जे. च्या वर्गात जे शिकवले गेले त्याचा गाभा त्या मुलीच्या कागदावर होता. ती पुढे चित्रकार झाली नाही. आज ती दवाखान्यात नर्स आहे आणि रोग्याच्या चेहऱ्याचा रंग बदललेला तिला इतरांआधी दिसतो, असे ती स्वतः सांगते.

स्मरणचित्राच्या पेपरात आपली मुले कधी मागे पडत नाहीत. बाजार, बसथांबा, लग्नाची वरात हे विषय राज्यभरातली मुले काढतात. पण शेतातला विषय आला की आपल्याकडची पोरे धानाची रोवणीच काढतात. बांधीत वाकलेल्या बायका, हातात पऱ्ह्यांच्या जुड्या, धुऱ्यावर ठेवलेली शिदोरी आणि पाण्यात पडलेली उलटी सावली. ही सावली शहरातल्या मुलाला सुचत नाही. त्याने ती पाहिलेलीच नसते. परीक्षकाला ती खरी वाटते की चूक, याची मला नेहमी काळजी वाटत आली आहे.

पुन्हा जे. जे. च्या आवारात जाऊ. १८९६ मध्ये गणपतराव म्हात्रे या तरुण विद्यार्थ्याने देवळाकडे निघालेल्या स्त्रीचा पुतळा घडवला. ‘मंदिरपथगामिनी’ या नावाने तो महाराष्ट्रात घरोघरी माहीत झाला. त्याच वर्षी महादेव विश्वनाथ धुरंधर तिथे शिक्षक झाले. १८९० मध्ये विद्यार्थी म्हणून आलेला हा कोल्हापूरचा मुलगा १९३१ मध्ये निवृत्त झाला तो संस्थेचे प्रमुखपद सांभाळून. एकेचाळीस वर्षे एकाच आवारात! आपल्या आठवणींच्या पुस्तकाला त्यांनी ‘कलामंदिरातील एकेचाळीस वर्षे’ असेच नाव दिले. त्यांची मुलगी अंबिका धुरंधर याही जे. जे. तच शिकल्या. मुलींनी चित्रकलेची पदविका घेणे ही फार दुर्मीळ गोष्ट होती तेव्हाची ही हकीकत. त्यांनी आत्मकथनाचे नाव ठेवले ‘माझी स्मरणचित्रे’. आपल्या एलिमेंटरीच्या पेपरातलाच शब्द! तो वाचला की मला हे सगळे आपल्या घरातले वाटते.

१९१९ मध्ये ग्लॅडस्टन सॉलोमन आले. त्यांनी जिवंत मॉडेलवरून अभ्यासाचा वर्ग पक्का केला, भित्तिचित्रणाचा वर्ग काढला आणि नव्या दिल्लीच्या सचिवालयात विद्यार्थ्यांकडून भित्तिचित्रे करून घेतली. १९३० नंतरच्या मंदीत सरकारच्या काटकसर समितीने ही संस्थाच बंद करा अशी शिफारस केली होती. लोकांनी आवाज उठवला म्हणून ती टिकली. चित्रकलेवरचा खर्च हा वायफळ खर्च, ही समजूत किती जुनी आहे ते यावरून ध्यानात येईल. १९३५ मध्ये व्यावसायिक कलेचा विभाग सुरू झाला, त्यातून १९५८ मध्ये उपयोजित कलेची स्वतंत्र संस्था झाली आणि त्याच वर्षी वास्तुकलाही वेगळी झाली.

विदर्भातून जे. जे. कडे जाणारी वाट नागपूरवरून जाई. तिथे बापूराव आठवले यांची नागपूर स्कूल ऑफ आर्ट होती. १९३९ मध्ये तिथे एक मुलगा दाखल झाला, सय्यद हैदर रझा. जन्म मंडला जिल्ह्यातल्या बाबरिया गावचा, वडील जंगल खात्यात. मंडला तेव्हा आपल्याच मध्य प्रांतात होते. तिकडून नागपूरला रेल्वेने यायचे तर नैनपूरवरून छोट्या लाइनने गोंदियाला उतरून मोठ्या गाडीत बसायचे. आपल्या जंक्शनचा हा मान आपण विसरू नये. रझा १९४३ मध्ये मुंबईला गेले, जे. जे. त शिकले, १९४७ च्या प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुपच्या सहा संस्थापकांत होते आणि १९५० मध्ये पॅरिसला गेले. त्या सहांतले दुसरे हरी अंबादास गाडे, अमरावती जिल्ह्यातल्या तळेगाव दशासरचे. वासुदेव गायतोंडे नागपूरला जन्मले आणि १९४८ मध्ये जे. जे. ची पदविका घेऊन बाहेर पडले.

रझांची एक गोष्ट प्रत्येक शिक्षकाने लक्षात ठेवावी. काकैया गावच्या प्राथमिक शाळेत हा मुलगा फार चंचल होता. त्याचे मन कुठेच लागेना. एके दिवशी शाळा सुटल्यावर मुख्याध्यापक नंदलाल झारिया यांनी व्हरांड्याच्या भिंतीवर एक टिंब काढले आणि त्याला समोर बसवून सांगितले, याच्याकडे बघत राहा. पुढे पॅरिसमध्ये तीस वर्षे काढल्यावर रझांच्या कॅनव्हासवर काळा बिंदू आला आणि शेवटपर्यंत राहिला. जगभरच्या संग्रहालयांत तो आज टांगलेला आहे. २०१६ मध्ये रझा गेले. त्यांच्याच इच्छेप्रमाणे त्यांना मंडल्यात वडिलांच्या शेजारी दफन केले. खेड्यातल्या शाळेच्या भिंतीवरचे ते टिंब कोणत्या अभ्यासक्रमात होते?

आता एक नाव, जे या स्मरणिकेत ठळक अक्षरांत छापावे अशी माझी संपादकांना विनंती आहे. शंकर बळवंत पळशीकर. जन्म साकोलीचा. आज साकोली भंडारा जिल्ह्यात आहे आणि आपण १ मे १९९९ पासून वेगळे झालो, पण जुन्या भंडारा जिल्ह्याच्या भंडारा, गोंदिया आणि साकोली अशा तीनच तहसिली होत्या आणि आजच्या अर्जुनी मोरगावकडचा बराच मुलूख साकोलीतच मोडत होता. तेव्हा पळशीकर आपलेच. ते जे. जे. त शिकले, तिथेच शिक्षक झाले आणि १९६८ ते १९७५ या काळात संस्थेचे अधिष्ठाता होते. साकोलीतल्या तळ्यांच्या काठी जन्मलेला माणूस जमशेटजींच्या संस्थेच्या प्रमुख खुर्चीवर बसला, ही गोष्ट आपल्या किती शाळांत सांगितली जाते?

पळशीकरांचा हात युरोपीय पद्धतीच्या व्यक्तिचित्रात तयार होता, आणि त्यातच राहिले असते तर त्यांना काही कमी पडले नसते. पण ते भारतीय लघुचित्रांकडे वळले आणि तिथून तांत्रिक प्रतीकांपर्यंत गेले. अकबर पदमसी आणि तय्यब मेहता हे त्यांचे विद्यार्थी. या दोघांची चित्रे एकमेकांसारखी नाहीत आणि पळशीकरांसारखीही नाहीत. शिक्षकाची याहून मोठी पावती मला माहीत नाही. आपल्याकडे मात्र अनेकदा सगळ्या वर्गाची निसर्गचित्रे एकसारखी येतात. तेच दोन डोंगर, तोच मधला सूर्य, तीच झोपडी. ती मुलांची नसतात, आपली असतात. हा दोष माझ्याही हातून झाला आहे.

विद्यापीठाची गोष्ट राहिली होती. पूर्वी चित्रकलेची सरकारी पदविका मिळे, जी. डी. आर्ट. ती घेतलेला माणूस चित्रात कितीही पारंगत असला तरी नोकरीच्या कागदावर पदवीधर नव्हता. १९८१ मध्ये जे. जे. मुंबई विद्यापीठाला जोडले गेले आणि बी. एफ. ए. ची पदवी सुरू झाली. २०२३ मध्ये संस्थेला अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला आणि ‘सर जे. जे. स्कूल ऑफ आर्ट, आर्किटेक्चर अँड डिझाइन’ असे नाव झाले. पदवी आवश्यकच होती, यात मला शंका नाही. तिच्यामुळे गरीब घरची मुले ‘मी ग्रॅज्युएट होतोय’ असे सांगून घरातून निघू शकली. नुसते ‘चित्र काढायला जातो’ म्हटले असते तर किती बापांनी पाठवले असते?

पण विद्यापीठाचे वेळापत्रक आणि चित्रशाळेचे वेळापत्रक यांचा मेळ घालणे कठीण असते. मी ए. टी. डी. नागपुरात केले. जे. जे. आतून पाहिले ते नोकरी लागल्यावर, कामानिमित्त मुंबईला गेलो तेव्हा. पेंटिंगच्या वर्गात शिरलो तर मॉडेल म्हणून एक म्हातारा बसला होता आणि वीसेक मुले उभी राहून काम करत होती. कोणी बोलत नव्हते. टर्पेंटाइनचा वास होता. बसायच्या लाकडी डाँकींवर इतक्या वर्षांच्या रंगांचे थर होते की मूळ लाकूड दिसत नव्हते. एका मुलाने तासभर फक्त कानाच्या मागची सावली पुसली आणि पुन्हा लावली. शिक्षक आले, त्याच्यामागे उभे राहिले, अंगठ्याने हवेत एक दिशा दाखवली आणि पुढे गेले. हेच अध्यापन. या तासाची उत्तरपत्रिका निघत नाही. कुठल्याही विद्यापीठाने कलेची पदवी देताना या शांत तासांना हात लावू नये, असे माझे ठाम मत आहे.

आपल्या जिल्ह्यातल्या मुलाला आज दोन वाटा आहेत. राज्यात सरकारी कला महाविद्यालये मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरला आहेत. १९२३ मध्ये स्थापन झालेले नागपूर विद्यापीठ आपले विद्यापीठ. २०११ मध्ये गोंडवाना विद्यापीठ झाले तेव्हा चंद्रपूर आणि गडचिरोली तिकडे गेले, गोंदिया नागपूरकडेच राहिला. तेव्हा नागपूरचे शासकीय चित्रकला महाविद्यालय जवळचे, गाडीने दोन-अडीच तासांवरचे. मुंबई रात्रभराची. दोन्हीकडे आधी सामायिक प्रवेश परीक्षा द्यावी लागते आणि तिथे चित्राच्या पेपरांची नावे आहेत वस्तुचित्र, संकल्पचित्र आणि स्मरणचित्र. आपल्या मुलाने आठवीत गावच्या केंद्रावर दिले तेच. शहरातल्या महागड्या क्लासला गेलेले मूल आणि आमगावच्या किंवा सालेकसाच्या शाळेतले मूल त्या दिवशी एकाच विषयापुढे बसतात. ही समान जमीन आपल्या जुन्या ड्रॉइंग मास्तरांनी तयार करून ठेवली आहे.

ती आज खचत आहे, हेही लिहायला हवे. निवृत्त झालेल्या कलाशिक्षकाच्या जागी दुसरा येईलच असे राहिले नाही. मी ज्या एका शाळेत होतो तिथे परीक्षेआधीचे दोन महिने चित्रकलेचे तास गणिताला देण्याची पद्धत होती. मी तक्रार केली नाही. शाळा सुटल्यावर व्हरांड्यात वर्ग घेतला. तक्रार तेव्हा करायला हवी होती असे आता वाटते. दहावीत वाढीव गुण मिळतात म्हणून मुले इंटरमिजिएटला बसतात, बसू द्यावे. गुणांसाठी आलेले मूलही एकदा सावलीचा रंग बघते आणि मग तो त्याला आयुष्यभर दिसत राहतो.

आणखी एक. मंडईच्या दिवसांत आपल्याकडे नाटके होतात, दंडार होते, आणि झाडीपट्टीच्या रंगभूमीसाठी रान, राजवाडा आणि रस्त्याचे पडदे रंगवणारी माणसे आपल्यात होती. पंधरा-वीस फूट उंच कापडावर लांबून दिसेल असा खोलीचा भास आणणे ही साधी विद्या नाही. त्यांतल्या कितीकांनी एलिमेंटरीही दिली नव्हती. किपलिंगांनी आपल्या विद्यार्थ्यांना कारागिराच्या शेजारी उभे केले होते. आपल्या मुलांना आपण या पडदे रंगवणाऱ्यांच्या शेजारी कधी बसवले नाही. सुदैवाने त्यांतले काही जण अजून आहेत.

आपल्या कलाशिक्षकांच्या मेळाव्याच्या दिवशी सभागृहाच्या मागच्या भिंतीवर आपण एक छोटे प्रदर्शन लावणार आहोत. ज्यांच्या घरी आजोबांचे, वडिलांचे किंवा स्वतःचे डी. टी. सी., डी. एम., ए. टी. डी. चे जुने प्रमाणपत्र असेल, परीक्षेची जुनी प्रश्नपत्रिका असेल, शाळेच्या कपाटात मुलांनी काढलेली जुनी वस्तुचित्रे धूळ खात पडली असतील, किंवा नाटकाच्या पडद्याचा एखादा फाटका तुकडा असेल, त्यांनी ते घेऊन यावे. वस्तू जशी आहे तशीच आणा, फ्रेम करू नका. मागे पेन्सिलीने गावाचे नाव आणि साल लिहा. दिवस संपल्यावर ज्याची वस्तू त्याला परत मिळेल.